हडळीचे पाय

४ जानेवारी, शनिवार

आली! 'वेताळवाडीची वहिनी'ची ब्ल्यू-रे आली! कव्हरवर लाल ठसठशीत अक्षरं – 'नव्याने स्वच्छ केलेली आवृत्ती'. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत 'हडळ – जानकी'. मुंगीएवढं का होईना, आईचं नाव आहे!

इतकी वर्षं आमच्याकडे नुसती व्हीसीडी होती. तिच्यात हडळ म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पांढरा ढीग. "ही माझी आई" म्हटलं की मैत्रिणी विचारायच्या, "कुठली? तो डाग?" आता या म्हणावं बघायला!

आईला डिस्क दाखवली. तिला काही फार आनंद झाला नाही. "जुनी काय वायट होती? भूत जरा अंधुकच बरा."

बाबा पेपर घेऊन गॅलरीत. हा सिनेमा लागला की ते गॅलरीत जातात, मी लहान असल्यापासून. आईने हा एकच सिनेमा केला, तोही बरीच वर्षं डब्यात पडून होता. लागला तेव्हा मी बालवाडीत होते. पुढे दुसरा का नाही केला? ती सांगत नाही. पण गॅलरीकडे बघितलं की मला कळतं.

५ जानेवारी

वाट लागली! स्वच्छ केलीय म्हणे. तारेच्या घासणीने घासलीय!

एकाच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही, सगळे मेणाचे. आणि रात्र कुठे गेली? अमावस्येला गावकरी कंदील घेऊन फिरतायत आणि वर लख्ख ऊन पडल्यासारखा उजेड! विहिरीवरचं धुकंसुद्धा पुसून टाकलंय. घाण वाटली असणार.

सगळ्यात जास्त राग आला तो पायांचा. सिनेमातली सगळ्यात गाजलेली जागा ती. हडळ विहिरीच्या पायऱ्या उतरते, कॅमेरा फक्त पायांवर, आणि पाय उलटे! नऊवारी नेसून पाठमोरं उतरायचं, एवढीच युक्ती. पण थिएटरात लोक खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचे म्हणे. या डिस्कवर ते पाय म्हणजे साबणाच्या दोन वड्या. बोटंच नाहीत!

कंपनीला मेल टाकला. लांबलचक. शेवटी लिहिलं – माझ्या आईचा हा एकुलता एक सिनेमा आहे, तिला नीट दिसू द्या. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. चिडल्यामुळेच आलं असेल.

९ जानेवारी

कंपनीतून कोणा मुकुलचा फोन. "मॅडम, भूत नीट दिसावं म्हणून आम्ही उजेड वाढवला."

अरे राजा, नीट दिसलं तर ते भूत कसलं! असं मी खरंच म्हणाले. आधी तो हसला, मग मीही. बऱ्याच जणांनी शिव्या घातल्यात म्हणे. मूळ निगेटिव्हवरून पुन्हा करतायत, मला नवी डिस्क फुकट.

१० जानेवारी

घरात ही बातमी सांगितली तर कोणाला कौतुक नाही! आई म्हणते, "कित्याक त्या मुकुलच्या मागे लागलंस? कोणाचो तरी झील तो, पोरगो." आणि बाबा – या सिनेमाबद्दल आजवर अवाक्षर न काढलेले बाबा – म्हणाले, "आसा तसा ऱ्हवांदे." आहे तसंच राहू दे म्हणे!

मग माझा तोल गेला. "तुम्हाला तिचं कौतुक नकोच आहे! तेव्हाही नको होतं!" बाबा उठले. चपला घालून खाली गेले. डाव्या पायाची करंगळी गिरणीत गेल्यापासून त्यांची ती चप्पल जरा फटफटते. जिन्याच्या तळापर्यंत ऐकू येत होती.

आई माझ्यावरच डोळे वटारून! हिच्याच बाजूने भांडतेय मी.

२६ जानेवारी

नवी डिस्क आली. अजून लावली नाही. पुढच्या रविवारी आईचा वाढदिवस, तेव्हा सोसायटीच्या हॉलमध्येच लावायची. सेक्रेटरी पद्मजाताई प्रोजेक्टर देतायत. बाबांना पहिल्या रांगेत बसवणार. बघू तिथे गॅलरी कुठून आणतात!

२ फेब्रुवारी, रविवार

झकास! काय सुंदर प्रिंट! रात्र परत आली, धुकं परत आलं. सरपंचाच्या कपाळावरचा घाम दिसतो. आई झाडावर बसून खदखदून हसली आणि पुढची पोरं किंचाळली. आणि खरी आई इकडे पहिल्या रांगेत तोंडाला पदर लावून बसलेली. किती सुंदर होतीस गं तू, आई!

बाबा आले. पहिल्या रांगेत नाही, दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर. पण आले.

मग विहीर. काळोख. पायऱ्यांवर पाय. या वेळी सगळं दिसलं – पैंजण, चिखल, टाचांच्या भेगा. एवढे मोठे पाय? आईला तर माझ्या चपला सैल होतात. आणि डाव्या पायाला बोटं चारच. करंगळी नाही.

अख्खा हॉल ओरडला. मी नाही ओरडले. मी मागे वळून बघितलं. बाबांनी दोन्ही पाय चपलांसकट खुर्चीखाली ओढून घेतले होते.

आईने माझा दंड धरला. "कोणाक सांगू नको हां. ते साडी नेसले म्हणान गिरणीत सगळे हसले असते."

"पण ते का? पायऱ्या तूच उतरायची होतीस ना?"

"त्यांकाच विचार."

३ फेब्रुवारी

विचारलं. बाबा गॅलरीत होते. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "पायऱ्यांवर शेवाळ होता. तू पोटात होतंस."