घुमटापर्यंत न पोचणारी हाक

वेधशाळा, डोंगरमाथा
मार्गळी महिना (डिसेंबर), सकाळ

प्रिय अण्णा,

तुला पत्र लिहायची सवय नाही, म्हणून आधी हवापाणी सांगते. वर धुकं असं उतरलंय की पहाटे मीच दारात काढलेलं रांगोळीचं कोलम मला कामावर निघताना दिसलं नाही, पायानेच पुसलं गेलं. आमचे हे, अरुळप्पन, हसले. म्हणाले, इथे कोण येतंय बघायला. मी म्हटलं, काढायचं असतं म्हणून काढते. आता ऑफिसात येऊन बसलेय, म्हातारीशेजारी. म्हातारी म्हणजे आपला जुना सर्व्हर रे. तू वेधशाळेत वायरमन होतास आणि मी नुकतीच कॉम्प्युटरच्या खोलीत चिकटले होते, तेव्हा ज्याचं खोकं तू शेवटच्या चढावर डोक्यावरून आणलंस, तोच. जीप त्या चढाखालीच रुसली होती. ‘यात दिल्लीचे साहेब भरलेत की काय, एवढं जड?’ असं तू विचारलंस, आणि दिल्लीचे साहेब मागूनच येत होते. ते मशीन अजून चालतंय. त्याच्या पाठीमागून तशीच गरम हवा येते, पंखा तसाच एका सुरात घुमतो, आणि दुपारी धुकं काचेला टेकलं की मला अजून तशीच डुलकी लागते.

अम्माला ही खोली फार आवडायची. उन्हाळाभर ती माझ्याकडे वर असायची, आणि थंडी हाडात शिरायला लागली की तुझ्याकडे खाली तेनीला उतरायची. उतरण्याआधीच्या त्या शेवटच्या गारठ्यात ती इथे म्हातारीच्या पाठीला पाठ लावून बसायची, मांडीवर सुपात पावट्याच्या शेंगा. इथल्या साहेबांनी एकदा हटकलं, तर म्हणाली, ‘मशीन तापतंय ते वाया कशाला घालवता?’ पुढे साहेबच तिला खुर्ची देऊ लागले. शेंगा सोलता सोलता ती तुझे निरोप सांगायची. मारन म्हणाला, पूंगोडीला सांग कान बांधून बस. मारन म्हणाला, निथिलाच्या लग्नात तिला हार मीच घालणार, मामा कशाला आहे मग. मी काम करत करत ऐकायची, आणि तू जणू बाजूच्याच खोलीत बसला आहेस असं वाटायचं मला. तुझं माझं बोलणं बंद होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, हे मला कधी जाणवलंच नाही. खरं सांगते.

अम्मा गेल्या वर्षी थंडी पडताच तुझ्याकडे उतरली ती परत वर आलीच नाही. वर्षश्राद्धही झालं. या वर्षात तुझ्याकडून एक अक्षर नाही.

निथिलाचं लग्न ठरलंय, येत्या तै महिन्यात, पोंगल झाल्यावर. मुलगा शिक्षक आहे, शांत आहे, जेवताना दुसऱ्यांदा सांबार मागायलाही लाजतो. अरुळप्पनच्या घरच्या रीतीने लग्न चर्चमध्ये आहे, पण मामाचा हार आधी, मग बाकीचं, हे निथिलाने स्वतः सांगितलंय. तुला कुठून तरी कळलं असेलच. अरुळप्पन रोज एकच प्रश्न विचारतात, मारनला बोलावणं गेलं का? मी रोज तेच सांगते, घरच्या माणसाला कसलं बोलावणं, त्याला समजत नाही का? आणि मग दिवसभर चरफडत असते, की अजून याचा फोन कसा नाही. निथिला परवा म्हणाली, अम्मा, मामा नाहीच आले तर हार कोण घालणार? मी तिला ओरडले. नंतर मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

त्यातच म्हातारी बिघडली. आमच्याकडे नवं नेटवर्क आलं. कोइम्बतूरहून भुवना नावाची इंजिनीयर आली, तिने खालचा जुना राउटर काढून नवा चकचकीत बसवला. राउटर म्हणजे नेटवर्कमधला नाक्यावरचा माणूस, इकडचं तिकडे पोचवणारा. दुसऱ्या दिवसापासून घुमटातून सूर्याचे फोटो म्हातारीकडे यायचे बंद. घुमट तुला आठवतो ना, वरच्या टेकाडावरचा? सकाळी ढग फाटले की आत पांढऱ्या कागदावर सूर्य उतरतो, ताटलीएवढा, हलका थरथरत, आणि त्याच्यावर काळे डाग हळूहळू सरकत असतात. आपण दोघं कामं टाकून बघत बसायचो. आता तिथे वेल्लैयन असतो. त्याने फोन करून मला छळायला सुरुवात केली. ‘पूंगोडीअम्मा, इथे सूर्य उगवून डोक्यावर आला, तुमची म्हातारी अजून उठली नाही का? कानात तेल घालून बघा.’

गंमत म्हणजे म्हातारी धडधाकट होती. खोलीतल्या बाकी मशीनांशी बोलत होती. बंगळूरच्या मुख्य कचेरीशी बोलत होती. दिल्लीशीसुद्धा. फक्त खिडकीतून दिसणाऱ्या त्या घुमटाशी बोलेना. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, त्यातलीच गत. गाव सापडत होतं, काखेतलाच कळसा सापडत नव्हता. साहेब म्हणाले, केबल गेली असणार, जुनी आहे, रानडुकरांनी उकरली असेल, खणून काढा. आणि मशीनही जुनं झालंय, महिनाअखेरपर्यंत चाललं नाही तर भंगारात. मी म्हटलं, मशीनचं मला माहीत नाही, पण ती केबल माझ्या अण्णाने पुरलीय, ती जाणार नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी आणि वेल्लैयन धुक्यात ती लाइन तपासत गेलो. तू जिथे जिथे दगड रचून खूण केली होतीस ते सगळे दगड जागेवर आहेत, वर शेवाळ चढलंय एवढंच. केबल ठणठणीत निघाली. मी खाली येऊन सगळ्यांना सांगितलं, आणि जरा जास्तच मोठ्याने सांगितलं.

मग काल मी आणि भुवना म्हातारीपुढे बसलो. बघते तर काय, घुमटाची हाक म्हातारीपर्यंत नीट येत होती. ऐकूही येत होती तिला. उत्तरही देत होती बिचारी. पण उत्तर पोचत नव्हतं. दोष तिच्या सबनेट मास्कमध्ये होता. तुला सोप्यात सांगते. प्रत्येक मशीनला एक नंबर असतो, आणि मास्क हा त्या मशीनला सांगतो की कुठपर्यंतचे नंबर आपल्या गल्लीतले आणि कुठून पुढे परगल्ली. आपल्या गल्लीतल्याला सरळ दारातून हाक मारायची. परगल्लीतल्याचं काही असलं तर नाक्यावरच्या राउटरच्या हातात द्यायचं, तो पोचवतो. घुमट केव्हाच वेगळ्या गल्लीत गेला होता. पण म्हातारीला वाटत होतं, सगळा डोंगर माझीच गल्ली. म्हणून ती घुमटासाठी दारातच उभी राहून ओरडत होती, अरे मी इथे आहे, अरे मी इथे आहे. तिथे ऐकायला कोण? दिल्ली परकी, हे तिला ठाऊक होतं, म्हणून दिल्लीचं बोलणं नाक्यावरून नीट जात होतं. अडत होतं ते जवळच्याशीच. मास्क तसा कुणी चुकीचा लिहिलाही नव्हता रे. जिथे लिहायचा ती फाइलच रिकामी होती. या जुन्या युनिक्सच्या मशीनांना काही सांगितलं नाही, तर ती आपल्या नंबराच्या जातीवरून आपणच धरून चालतात, की आपलं घर एवढं मोठं.

मी भुवनाला विचारलं, मग इतकी वर्षं हे चाललं कसं? ती हसत म्हणाली, ‘अक्का, तुमचा जुना राउटर थापा मारायचा. ही घुमटाला हाक मारायची, तेव्हा तो मधूनच ओ द्यायचा, मीच घुमट म्हणून. हिचा निरोप घ्यायचा आणि नेऊन पोचवायचा. जुन्या राउटरांमध्ये तशी सोयच असते. हिला कधी कळलंच नाही की घुमट लांब आहे. नव्यात मी ती सोय बंद ठेवलीय, म्हणून उघडं पडलं.’ ती हे अगदी सहज सांगत होती, चहात बिस्किट बुडवत. मी मात्र माझा चहा तसाच खाली ठेवला.

अण्णा, अम्माच्या सोळाव्या दिवसाच्या कार्यात तुझ्या घरी मी ताटावर बसले होते. तू माझ्यासमोर उभा होतास, हातात पायसमचं भांडं, आणि तामरैवहिनीला म्हणालास, ‘तिला विचार, अजून हवंय का.’ मी तिथे होते रे, हाताच्या अंतरावर. मग मागच्या दारी हात धुताना वहिनीने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, तुमचे दर वर्षीचे निरोप ऐकून यांचे डोळे भरायचे. अण्णाला विचारल्याशिवाय निथिलाचं काही ठरवणार नाही, असं तुम्ही म्हणायचात ना? मी मान हलवली. पण मी असं कधीही म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. तेव्हा वाटलं, वहिनीची काही गल्लत होत असेल. आता भुवनाचं ऐकल्यावर समजलं. माझे निरोप अम्मानेच रचले. मग तुझेही तिनेच रचले असतील. कान बांधून बस, हे तू कधी बोलणार? तू तर स्वतः जानेवारीत बनियनवर फिरायचास. ते शब्द अम्माचेच होते, आणि मी शहाणी तिच्या शेजारी बसून ऐकत होते.

भुवना गेल्यावर मला तिथेच झापड आली. बाहेर सगळं पांढरं झालं होतं, खिडकी, झाडं, घुमट, काही उरलं नव्हतं. म्हातारीचा पंखा घुमत होता आणि त्या आवाजात मला शेंगा सोलल्याचं ऐकू येत होतं, टच, टच. अम्मा होती. मी तिला म्हटलं, तू आम्हाला फसवलंस. तिने वरही पाहिलं नाही. म्हणाली, तुम्ही दोघं हट्टी, मग मी काय करणार? डोंगर चढून उतरून माझे गुडघे गेले. मी म्हटलं, अम्मा, त्यातलं खरं किती होतं तेवढं सांग. ती दाणे चाळत राहिली. मग सूप माझ्याकडे सरकवून म्हणाली, धर, आता तू सोल. जाग आली तेव्हा माझे हात मांडीवर उताणे पडले होते, आणि पाठीला ऊब लागत होती. उठावंसंच वाटेना.

संध्याकाळच्या आत काम संपवलं. आधी नुसती आज्ञा देऊन मास्क बदलला, तर लगेच वीज गेली, आणि परत आली तेव्हा म्हातारी पुन्हा आपल्या जुन्या समजुतीवर. पालथ्या घड्यावर पाणी. मग फाइलमध्येच लिहिलं, गल्ली एवढीच, घुमट परगल्लीत, त्याच्यासाठी नाक्यावर जा. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. थोड्या वेळाने वेल्लैयनचा फोन आला. त्याला टोमणाच सुचेना. म्हणाला, ‘आला हो सकाळचा सूर्य तुमच्याकडे, बघा.’ मी पडद्यावर बघितला. कडेला एक मोठा डाग होता. घुमटात असा डाग दिसला की तू म्हणायचास, सूर्याला तीट लावलीय कुणीतरी. म्हातारी आता भंगारात जात नाही, साहेबांनी तसं कबूल केलंय.

तर आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. तू माझ्या गल्लीत राहत नाहीस, अण्णा. मला हे मान्य करायला इतकी वर्षं लागली. अरुळप्पन तुझे मित्र, आणि आमचं लग्न ठरलेलं तुला चहाच्या टपरीवर दुसऱ्याच्या तोंडून कळलं. मला वाटलं, तू आपलाच, तुला काय वेगळं सांगायचं. निथिलाच्या लग्नातही मी तेच करत होते, दारात उभी राहून तुझ्यावर चिडत होते. येत्या रविवारी मी सकाळच्या बसने तेनीला उतरते आहे. ताट घेऊन येईन, तुला नेसायला कोरी वेष्टी, विडा, नारळ, आणि पहिली पत्रिका. आपल्याकडे मामाला जसं रीतसर बोलावतात तसं बोलावणार आहे, उंबऱ्याबाहेर उभी राहून. हार मीच घालणार हे तू कधी म्हणाला होतास की अम्माने रचलं होतं, हे मी विचारणार नाही. तू नाही म्हणालास तरी चालेल, पण ते वहिनीला सांगू नकोस, माझ्याकडे बघून मला सांग. दार तू स्वतः उघड.

तुझीच,
पूंगोडी