वेदीमागची भिंत

मी, युफेमिया आर्चुलेता, वय एकाहत्तर, राहणार ला सिएनेगीता, न्यू मेक्सिको. पाय थकले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहिते. आडनाव माझ्या नवऱ्याचे, सेलेदोनिओचे आहे. ते पुसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

१. कच्च्या विटांचे राहते घर व मागचे जर्दाळूचे झाड भाची देल्फिना हिला द्यावे. तिने दरवर्षी घर मातीनेच लिंपावे. सिमेंट थापले की भिंत आतून कुजते.

२. माझी थापी, चाळणी आणि भिंत घोटायचे मेंढीचे कातडे, हेही तिलाच. याच अवजारांनी मी वर्षानुवर्षे गावचे चर्च लिंपले. त्याच चर्चमध्ये मला ख्रिस्तप्रसाद मिळत नसे. सेलेदोनिओची पहिली बायको घटस्फोट देऊन कॅलिफोर्नियाला गेली होती, पण हयात होती; आणि चर्च घटस्फोट मानत नाही. त्यामुळे आमचे लग्न कचेरीत झाले, आणि चर्चच्या लेखी ते लग्नच नव्हते. बाकीचे प्रसादाला उठत; मी बाकावर बसून वेदीमागची भिंत बघे. तिच्यावर माझी बोटे उमटलेली होती.

३. थोरली बहीण प्रुदेन्सिया हिला माझी काळी शाल. एकदा लिंपणाच्या दिवशी ती सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "वेदीकडच्या भिंतीला तू हात नको लावूस गं. बाहेरची बाजू धर."

मी म्हटले, "ताई, पाणी मुरतंय ते वेदीकडेच. तू लिंपतेस का?"

ती कुठली चिखलात हात घालणार. तिला क्षमा करायची आहे, पण इथे जमले नाही. वर गेल्यावर बघू.

४. पहिली बायको वारल्याची बातमी आली, तेव्हा चर्चचे फादर ऑगस्टिन आजाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी घेऊन आनंदाने घरी आले. सेलेदोनिओ अंथरुणाला खिळलेला होता.

"आता वाट मोकळी झाली," फादर म्हणाले. "इतकी वर्षं पापात राहिलो, एवढं दोघांनी कबूल करा. लगेच लग्न लावतो, प्रसादही देतो."

सेलेदोनिओ म्हणाला, "फादर, शेजाऱ्याची मेंढी मी माझ्या कळपात घुसवली होती, ते पाप कबूल. हिच्याबद्दल मला काही कबूल करायचं नाही."

फादर माझ्याकडे वळले. "तू तरी समजाव त्याला."

प्रसादासाठी मी किती झुरत होते ते देवाला ठाऊक. तरी म्हटले, "हा माणूस रोज जेवायच्या आधी माझ्या पिठाच्या हातावर क्रूस काढतो अन् देवाचे आभार मानतो. हे पाप असेल, तर आभार कोणाला पोचत होते, ते आधी मला समजवा."

फादरांनी कुपी पिशवीत परत ठेवली आणि ते निघून गेले.

सेलेदोनिओ त्याच आठवड्यात गेला. आदल्या संध्याकाळी मी नेहमीसारखी त्याच्या फुटलेल्या ओठांना चरबी लावली, आणि दोघांनी मिळून ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ म्हटले. त्या खोलीत देव होता. हा माझा अंदाज नाही, मी तिथे होते.

पुरल्यानंतर चार दिवसांनी चर्चचे लिंपण होते. मी गेले. वेदीमागची भिंत मीच केली. कोणी अडवले नाही.

५. बँकेतली शिल्लक दरवर्षीच्या लिंपणाच्या मातीपेंढ्यासाठी खर्चावी. माझ्या नावाची पाटी लावू नये.

६. सेलेदोनिओला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, लगतच जागा दिली गेली. मला त्याच्याच शेजारी पुरावे. नवे फादर मातेओ भले गृहस्थ आहेत. "दोघांना आत घेतो," म्हणाले. नको. झोपलेल्याला उठवू नये.

चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना जरूर करावी. मात्र शवपेटीपाशी ‘युफेमिया अखेर देवाकडे परतली’ असे कोणी म्हणू नये. मी कुठेही गेले नव्हते.

ला सिएनेगीता, १९ मार्च १९७९

सही: युफेमिया आर्चुलेता

साक्षीदार:
कासिमिरो त्रुहीयो, पोस्टमास्तर
मातेओ बाका, धर्मगुरू. शेजारी या नात्याने सही केली