खाली उभा असलेला माणूस

गुरुवार, संध्याकाळ

प्रिय दादा,

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण जिन्यावरून मला हाका मारायची ताकद शाबूत आहे. वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर मला अगदी बेताचा बसला, म्हणजे मीच सुटलेय. तुझा नवा पाय कसा आहे? टोचतो म्हणाला होतास.

फोन करणार होते. पण फोनवर कामाचं काही काढलं की तू हसून विषय बदलतोस. आपल्या मालाची गाडी उद्या तुझ्या गावावरून जाणार आहे, म्हणून ड्रायव्हरच्या हाती हे देतेय.

सोमवारी क्रेनने बॉयलर छतावर चढवायचा आहे. क्रेनवाल्या काकांना हाताने सिग्नल मी देणार. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, नेतृत्व रक्तात असावं लागतं, आधी वडील, मग भाऊ, आता ही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खरं सांगू, मला वाटलं होतं माणसं माझं ऐकणार नाहीत. आबांच्या वेळची माणसं, त्यात मी बाई, त्यात धाकटी. आरशासमोर हाताचे इशारे घोटून घोटून शिकले. आई म्हणायची, वेडी झालीस का, जन्मतःच येतं ते तुमच्यात. मला काही जन्मतः आलेलं नाही रे. तुझ्यासारखं छाती काढून उभं राहायचं आणि आत लटपटायचं, एवढंच जमतं.

पण ती ऐकतात. तेच सांगायचं आहे.

मागच्या आठवड्यात लोखंडी तुळया उतरवत होतो. भार वर टांगलेला, खाली आपल्या टोळीतला लंबू. माझ्या हातमोज्यात काहीतरी चावलं. हात खाली करून झटकला, मोजा ओढत बसले, मान खाली. क्रेनवाल्या काकांना वाटलं, भार खाली घ्यायचा इशारा आहे. त्यांनी घेतला. आजूबाजूला पाच-सहाजण होते, सगळ्यांना दिसत होतं. एकाच्याही तोंडून 'थांब' निघालं नाही.

मी वर बघितलं तेव्हा तुळया लंबूच्या डोक्याला लागायच्या बेतात होत्या. मी मूठ वळून थांबायचा इशारा केला, काकांनी थांबवलं. आणि लंबू काय करत होता माहीत आहे? पळाला नव्हता. जागा करून द्यायला खाली बसला होता.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "ताई, तुमचा हात होता ना. म्हटलं काहीतरी विचार असेल."

शिवाय काका कौतुक करायला आले. थेट आबांचा हात, म्हणाले, कसा बरोबर अंदाज घेऊन थांबवलास. दादा, त्यांना ती माझी कमाल वाटली. मी म्हटलं, अहो चूक झाली माझी, तर सगळे हसले. आबाही असंच म्हणायचे म्हणे.

तेव्हापासून डोळे मिटले की लंबू खाली बसलेला दिसतो.

आज मी एक केलं. तू ओरडशील. क्रेनचा नुसता आकडा होता, भार नव्हता. त्याच्याखाली मी स्वतः उभी राहिले आणि मुद्दाम 'खाली'चा इशारा देत राहिले. थांबायचा दिलाच नाही. म्हटलं बघू कोण ओरडतं. आकडा आला, हळूहळू, सरळ माझ्यावर. काकांचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात लिव्हरवरच. हेल्मेटवर लोखंड टेकलं, मान आत दबली. तेव्हा कुठे लंबू माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "ताई, थांबवू का?"

विचारलं त्याने. परवानगी मागितली. शेवटी मूठ मीच वळली.

थांबायचा इशारा कुणीही द्यायचा असतो, हे आपण प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो. पण आबांचा हात चालू असताना दुसऱ्या कुणी थांबायचा इशारा केला की आबा काय करायचे, आठवतं ना? त्याच्या हाती आठवडाभर झाडू. तूही तेच केलंस. माणसं शिकली, चांगलीच शिकली. साहेब ज्याला रक्त म्हणतात ते हेच आहे.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते विचारते. कितीदा लिहून खोडलं बघ वर.

तुझ्या पायावर भार आला तेव्हा भार बांधलेला पट्टा सरकला, असं तू सगळ्यांना सांगितलंस. पट्टा मी नंतर बघितला होता. त्याला काही झालं नव्हतं. तुझा इशारा चुकला होता ना? आणि सगळे बघत उभे होते ना, तुझा हात म्हणून?

मी रागावलेली नाही. घाबरलेय, खूप घाबरलेय.

सोमवारचं काम पुढे ढकला म्हटलं तर साहेब म्हणाले, जन्मजात मुकादम असा कचरत नाही, जमत नसेल तर दुसरा बघतो. दुसरा आला तरी माणसं हीच. मी कितीही सांगितलं तरी त्यांना तो माझा मोठेपणा वाटतो. तुझं मात्र ऐकतील. तू ये. कुबडी घेऊन ये, पण ये, आणि त्यांच्यासमोर उभा राहून सांग, 'तेव्हा माझा हात चुकला होता आणि तुमच्यापैकी एकाने ओरडायला हवं होतं.' तुझं नाव खराब होईल, आबांचंही होईल. आई आपल्या दोघांशी बोलायची नाही, हे मला कळतं.

नाही आलास तर इशारा मी देईन, आणि बॉयलरखाली लंबू असेल. त्याला मी सांगून ठेवलंय, पळ. तो हसून म्हणाला, तुम्ही सांगाल तेव्हा पळेन.

तुझी,
धाकटी