सहा मिनिटं

वेमथ, नोव्हेंबर १९२९

प्रिय हेटी,

रविवारी तू पाठवलेलं मटण घशाखाली उतरलं नाही. रागावू नकोस. बोट बुडून, सिरिलला जाऊन महिना झाला नाही, आणि तू भावाच्या जेवणाची काळजी करतेस. पायाचं प्लास्टर काल काढलं. काठी टेकत बंदराच्या भिंतीपर्यंत जाऊन आलो. पाणबुडे अजून रोज खाली उतरतात, पण आता कुणालाच वर आणणार नाहीत म्हणे. सिरिल तिथंच राहणार.

त्या बोटीवर तो, तुझा नवरा, माझ्या शब्दावर आला. पाणबुडीच्या पाठीवर विमान, हे ऐकून तू हसली होतीस, "माशानं पाखरू गिळलंय म्हणा की." हसण्यासारखंच होतं. पंख मिटून ते एवढंसं विमान लोखंडी कोठीत बसायचं. बोट वर आली की कोठीचं दार उघडायचं, विमान रुळांवर ओढायचं, पंख पसरायचे आणि उडवून द्यायचं. शत्रूच्या नजरेला पडायच्या आत हे व्हायला हवं, म्हणून कप्तान घड्याळ धरून उभे. पहिल्या वर्षी बारा मिनिटं लागायची. माझ्या टोळीनं ती सहावर आणली. कप्तानांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला, ते तुला किती ऐटीत सांगितलं होतं मी.

ती सहा कशी झाली, ते नव्हतं सांगितलं. बोट पुरती वर यायच्या आधीच मी दाराचे अडसर सोडायला लावायचो. ते नियमात बसत नव्हतं आणि कप्तानांना ठाऊक नव्हतं. दारावर सिरिल असायचा. एकदा तो म्हणाला, "ॲम्ब्रोझ, पाणी अजून उंबऱ्याला लागतंय रे. जरा थांबू या." मी सगळ्यांदेखत म्हणालो, "भीती वाटत असेल तर जा, स्वयंपाक्याजवळ बस बटाटे सोलत." पोरं हसली. तोही हसला. त्यानंतर तो कधी थांबला नाही.

पुढं शिडीवरून घसरून माझा पाय मोडला, आणि बोट बुडाली त्या सकाळी मी इस्पितळात होतो. खाली उतरलेल्या पाणबुड्यांना कोठीचं दार उघडं सापडलं, विमान आतच; पाणी तिथूनच शिरलं. तू माझ्या खाटेशी बसून, "देवानं एकाला तरी ठेवलं," म्हणत रडलीस, तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. मग रोज ते आणखी जड होत गेलं.

काल शेजारणीनं बेकरीतला प्रकार सांगितला. मिसेस लव्हलेस तुला भर दुकानात म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या घाईपायी माझा मुलगा गेला," आणि तू पाव न घेता मान खाली घालून परत आलीस.

उद्या दहा वाजता चौकशी समितीपुढं माझी साक्ष आहे. घाई सिरिलची नव्हती, माझी होती. तो थांबू या म्हणत होता आणि मी त्याची थट्टा केली, हे तिथं सांगणार आहे. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. होऊ दे. पण हे तुला वर्तमानपत्रातून कळू नये, म्हणून आजच हे पत्र हातोहात पाठवतोय. माफी मागत नाही, तेवढं तोंड नाही मला. एकच कर, हे मिसेस लव्हलेसना वाचायला दे. काल मी त्यांच्या घरापर्यंत गेलो होतो, आणि तसाच परत आलो.

अजून म्हणू देशील तर, तुझाच,
ॲम्ब्रोझ