दोन कागद, दोन पेट्या

सोमवार, ४ नोव्हेंबर १९५७

बायकांना कळलं नाही म्हणे! कुणाला? आम्हाला? त्या प्राध्यापकाने एकदा लालबागेत यावं आणि माझ्या तोंडावर बोलावं. मग बघू कुणाला किती कळतं ते.

मागच्या चाळीतल्या दगडूची पोरगी कौसल्या युनिव्हर्सिटीत एम.ए. करते. विषय कसला, तर निवडणूक! निवडणुकीचंही शिक्षण असतं हे मला ठाऊकच नव्हतं. शिमग्याआधी आमच्या भागात लोकसभेचं मतदान झालं, त्यावर पोरीने साठ पानं लिहिलीत. आमच्या भागाला जागा दोन, एक साधी, एक राखीव. म्हणून माणशी कागदही दोन. एक कामगार पुढाऱ्याच्या पेटीत टाकायचा, दुसरा राखीव जागेवर दगडूच्या लोकांचा जो फेडरेशनचा उमेदवार, त्याच्या पेटीत. दोघेही संयुक्त महाराष्ट्र समितीचेच. दोन्ही कागद एकाच पेटीत पडले तर एक धरतात, दुसरा बाद. असे बाद कागद आमच्या बाजूला पुष्कळ निघाले. तर प्राध्यापकाने कारण म्हणून तिच्या पानावर लाल शाईने लिहून दिलं — ‘अशिक्षित स्त्रियांचा गोंधळ.’

गोंधळ! अहो, मी गॅलरीत पिठाचा डबा आणि रव्याचा डबा मांडून साऱ्या मजल्याला शिकवलं. हा पुढाऱ्याचा, हा फेडरेशनवाल्याचा. सुंदराबाईने तीनदा दोन्ही चिठ्ठ्या पिठात टाकल्या. चौथ्यांदा मी तिचं मनगट धरलं! सांगून सांगून घसा बसला — दोघं निवडून आले तरच मुंबई आपली.

कौसल्या म्हणाली, “काकी, चिडून भागत नाही. पुरावा लागतो.” मग घे की पुरावा! माझ्यासकट चाळीस बायका आहेत. एकेकीला विचार. बावीस तारखेला, शुक्रवारी, तिला प्रबंध द्यायचाय. एकदा पुठ्ठा बांधून तो ग्रंथालयात गेला की ते लाल शाईचं वाक्य कायमचं आमच्या कपाळी.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

हे म्हणाले, “चाळीस बायका खरं सांगतील? तुला कधी सांगितलंय त्यांनी?” आज आमटीत मीठ जास्त पडलं. पडू दे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सकाळी नळावर सगळ्या सापडल्या. मी एकदमच विचारलं, “दोन्हीकडे टाकलात ना गो कागद?” “टाकले!” अशी ओरड झाली की वरच्या मजल्यावरचा अप्पा घाबरून खाली डोकावला. म्हटलं, झालं काम. कौसल्या, लिही चाळीस!

तिने कपाळावर हात मारून घेतला. म्हणे एकेकीला वेगळं विचारायचं, दार लोटून, जवळ कुणी नको. आणि मी तर नकोच.

“मी का नको?”

“काकी, तुमच्या देखत ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती आहे?”

तेही खरं. मग तांदूळ निवडत बाहेर बसले. कान आतच होते. एकेकीला चौदा प्रश्न. सुंदराबाई पहिल्यावरच अडली.

“वय?”

“लिही तीस.”

“मावशी, तुमचा रामू पंचवीस वर्षांचा आहे ना?”

“मग पस्तीस लिही. पण त्याच्यासमोर वाचू नको!”

हसून हसून माझं सूप कलंडलं. तांदूळ गॅलरीभर.

रविवार, १० नोव्हेंबर

कौसल्याने मुंबईचा नकाशा आणला, माझ्या सगळ्या खोलीत पसरला. कडा गुंडाळत होत्या म्हणून भायखळ्यावर वरवंटा ठेवला, माटुंग्यावर मिठाची बरणी. लाल पेन्सिलीची रेघ म्हणजे मतदारसंघाची हद्द. जनगणनेचे आकडे बघून ती मारतात. माणसं दाट तिथे तुकडा लहान. आकडे बदलले की रेघ पुन्हा सरकते. मला वाटायचं हद्दी देवानेच घालून दिल्यात.

गिरगावातली माझी नणंद रेघेच्या पलीकडे. तिला कागद एकच. तेव्हा केवढी फणफणली होती! “तुम्हा गिरणगाववाल्यांना दोन-दोन, आम्ही काय पाप केलं?”

नकाशात एक चूक मी काढली. आमची चाळ आणि दगडूची चाळ यांच्यामधली बोळच नाही! नुसती भिंत दाखवलीय. मी रोज तिथून जाते. म्हटलं, बाई, काढ ती आधी. तिने पेन्सिलीने काढली, मग म्हणाली, “काकी, तुम्हीच द्या परीक्षा.” चौथीत शाळा सुटली तेव्हा असं कुणी म्हणालं नव्हतं.

दुपारी बांगड्याचं तिखलं केलं. पोटभर जेवली. दगडूच्या घराने गेल्या वर्षी बुद्धाचा धर्म घेतला. सुंदराबाई दारातून वाकून बघत होती, कोण कुठल्या ताटात जेवतंय. बघ म्हटलं नीट, आणि आत येऊन तूही बस!

बुधवार, १३ नोव्हेंबर

एकोणचाळीस झाल्या. एकोणचाळीसही जणी म्हणाल्या, दोन्ही पेट्यांत एकेक कागद टाकला. मी म्हटलं, बघ!

पोरगी मात्र फॉर्म पुन्हा मोजू लागली. “काकी, सगळ्या बरोबर, तर मग बाद झालेले कागद कुणाचे?”

“पुरुषांचे असतील! त्यांना कुणी शिकवलं होतं?”

तेव्हा हसली. मग म्हणाली, तुमचा फॉर्म राहिलाय. मी म्हटलं, शिकवणारीला काय विचारतेस? भात करपेल, सोड मला.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज तिने आमच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. गॅलरीपर्यंत बायका. लाल शाईचं वाक्य गेलं! त्या जागी — ‘येथील स्त्रियांना नियम समजला होता व त्यांनी दोन्ही मते दिली.’ शेवटी आभार. पहिलं नाव माझं! पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. हे खाटेवरून म्हणाले, “परत वाच.” सुंदराबाईने शेंगदाण्याचे लाडू वाटले, स्वतः दोन खाल्ले.

जाताना कौसल्या माझ्या पाया पडली. म्हणाली, “काकी, बाबांना मी सांगितलं, राधाकाकीने आपल्या माणसाला मत दिलं, एकोणचाळीस जणींना द्यायला लावलं. बाबांनी डोळे पुसले.”

सोमवार, १८ नोव्हेंबर

दगडूच्या दाराखालून चिठ्ठी सरकवून आले. काय लिहिलं ते इथे उतरवते.

‘कौसल्या, “नियम समजला होता” हे राहू दे. “दोन्ही मते दिली” हे खोड. नियम मला तोंडपाठ होता. पडद्याआड तुमच्या माणसाच्या पेटीसमोर उभी राहिले. बघायला कुणी नव्हतं. हात पुढे झाला नाही. दोन्ही कागद आमच्या पुढाऱ्याच्याच पेटीत टाकले. चुकून नाही. चाळिसावा फॉर्म असा भर, माझ्या नावानिशी. बापालाही सांग. आणि यापुढे माझ्या घरी जेवणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळव.’