चौथ्या रांगेची शिडी

हडर्सफील्ड,
रविवार, ९ मार्च

प्रिय बाबा,

घरी पोचले. विमान बावीस मिनिटं उशिरा सुटलं, इथे चार अंश आहेत आणि पाऊस आडवा पडतो आहे. तू विचारशील म्हणून आधीच सांगते, जेवले. तुझ्या शेजारच्या रेमेबाईंनी डब्यात दिलेलं बटाट्याचं जाड ऑम्लेट मी विमानातच संपवलं, शेजारच्या माणसाला एकदाही न विचारता. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी काहीही म्हटलं की तू "हो, हो" म्हणतोस. तुझ्या "हो, हो"बद्दल या आठ दिवसांत मला जे कळलं, त्यानंतर त्याच्या भरवशावर काही ठरवावंसं वाटत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. कुरियरने पाठवते, बुधवारी पोचेल. घर विकायचे कागद घेऊन एजंट शुक्रवारी येणार आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कशावरही सही करू नकोस.

मी तुला परत न्यायला आले होते, हे तुलाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चौदा महिन्यांपूर्वी आई गेली, तू शहात्तर वर्षांचा, एकटा, स्पॅनिश येत नाही, आणि माझ्यापासून सात मिनिटांवर तळमजल्याचा फ्लॅट रिकामा आहे. कागदावर हे गणित बरोबर होतं. मी ओल मोजायचं यंत्र, पातळी बघायची पट्टी आणि टॉर्च घेऊन आले आणि कामावर पुलाची करते तशी तुझ्या घराची तपासणी केली. तू टेपचं दुसरं टोक धरून मागे मागे फिरत होतास. बाल्कनीच्या सळ्या गंजल्या आहेत म्हटलं, तर "हो, हो". उत्तरेच्या भिंतीला ओल आहे, तर "हो, हो". कुंपणावरून तुझा तो लेन ओरडला, "अगं पोरी, झालं की इकडे ये, माझीही तपासणी कर, गुडघ्यातून गळतंय!" तू हसलास. मी हसले नाही, कारण तेव्हा मी सदतिसावा दोष लिहून घेत होते. संध्याकाळी मी तुला अहवाल वाचून दाखवला, मग फ्लॅटचे फोटो दाखवले, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला आहे तोही दाखवला. "हो, हो. छान आहे, पोरी," म्हणालास आणि लिंबाच्या झाडाला पाणी घालायला गेलास. त्या एका लिंबाला तू पंचवीस मिनिटं पाणी घातलंस.

तुम्ही नऊ वर्षांपूर्वी तिकडे गेलात तेव्हा मी चिडले होते. हे मी कधी बोलले नाही, पण आईला कळलं असणार. ती म्हणायची, उन्हाला बिल येत नाही. इकडे थंडीत तिच्या बोटांनी साधी बरणी उघडायची नाही, ती बरणी घेऊन तुझ्यापुढे उभी राहायची आणि तू न बोलता उघडून द्यायचास. तिकडच्या पहिल्याच जानेवारीत तिचा फोन आला. "काही बोलू नकोस, नुसतं ऐक," म्हणाली आणि फोन जवळ धरून तिने ऑलिव्हची बरणी स्वतः उघडली. झाकणाचा टप् आवाज आला. "ऐकलंस?" मी म्हटलं, "ऐकलं, पण आता मीटिंग आहे." मीटिंग खरंच होती.

आता दफनभूमीचं. रविवारी तू मला घेऊन गेलास. ती शवपेट्या ठेवायच्या कोनाड्यांची लांब भिंत मी पहिल्यांदाच पाहिली. आईचा कोनाडा चौथ्या रांगेत आहे, हे तू मला फोनवर सांगितलं होतंस. "तुझ्या आईला कायम वरचा मजला हवा असायचा, तिथून समुद्र दिसतो," म्हणाला होतास. मग तू ती चाकांची लोखंडी शिडी ओढत आणलीस, तोंडात आईचा जुना टूथब्रश धरलास, काखेत पाण्याची बाटली आणि कार्नेशनच्या फुलांची जुडी घेतलीस आणि चढायला लागलास. मी खालून शिडी धरून उभी होते आणि मोजत होते. सगळ्यात वरची पायरी जमिनीपासून दोन मीटर ऐंशी. डावीकडच्या मागच्या चाकाचा ब्रेक लागतच नाही. तू वर उभा राहून दगडावर कोरलेलं एकेक अक्षर टूथब्रशने घासत होतास, आईच्या नावातल्या, डोरीनमधल्या वळणांना जास्त वेळ देत होतास, आणि शिडी माझ्या हातात दर घासण्याबरोबर हलत होती. चौदा महिने, दर रविवारी, ही शिडी कोणी धरली होती? विचारलं तर म्हणालास, "कशाला कुणाला त्रास द्यायचा?"

ब्रेक बघायचा म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले आणि वर चढले. बाबा, खरंच समुद्र दिसतो. संत्र्यांच्या दोन बागांच्या मधे, हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढा. तुला तो कधी दिसला असेल असं मला वाटत नाही. वर गेलास की तू पाठ फिरवत नाहीस. आणि आता मला माहीत आहे की चौथी रांग समुद्रासाठी घेतलेली नव्हती.

कारण मंगळवारी मी गॅसच्या नळीची पावती शोधत होते. नळीवर छापलेली मुदत दोन वर्षांपूर्वी संपली आहे, तो अठ्ठाविसावा दोष. स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खणात पावती नव्हती, शाळेची वही होती. तुझं अक्षर. पहिल्या पानावर एकच स्पॅनिश वाक्य, एकाखाली एक, तीस वेळा. मागे आणखी पानं होती, भाज्यांची नावं, आठवड्याचे वार, पण पहिलं पान फक्त त्या एका वाक्याचं. मला ते कळलं नाही. मी वही घेऊन शेजारी गेले.

रेमेबाई फरसबी मोडत होत्या. हॉटेलात बावीस वर्षं खोल्या आवरल्यामुळे त्यांना इंग्रजी येतं, फक्त त्यात "प्लीज" नसतं. "बस," म्हणाल्या. "ही वही तू उघडायची नव्हतीस. आता उघडलीस तर ऐक." हे दीड तास चाललं. मी थोडक्यात लिहिते, म्हणजे मला काय माहीत आहे ते तुला नेमकं कळेल.

आपल्याकडे माणूस गेलं की दोन-अडीच आठवडे जातात. तारीख घ्यायची, सँडविच कोणते ठेवायचे ते ठरवायचं, लांबच्या आत्येला कळवायचं. तिकडे आज गेलेलं माणूस उद्या संध्याकाळी कोनाड्यात असतं. जवळजवळ आठ वर्षं राहून तुला हे माहीत नव्हतं, कारण ती आठ वर्षं तू लेनशी डॉमिनो खेळलास आणि स्पॅनिशमध्ये कोणी काही विचारलं की लाजून "सी, सी", म्हणजे "हो, हो", म्हणत आलास. आई गेली त्या मंगळवारी दुपारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात अंत्यसंस्कारवाल्या माणसाने तुला विचारलं, उद्या पाच वाजता चालेल ना? तू म्हणालास, "सी, सी". त्याने नकाशावर वरची रांग दाखवली, कारण खालच्या सगळ्या भरल्या होत्या. "सी, सी". त्याने पेन दिलं, तू सही केलीस. रात्री आठला रेमेबाई आल्या तेव्हा तू टेबलाशी बसून मला शनिवारी कुठून आणायचं त्याची चिठ्ठी लिहीत होतास. त्या म्हणाल्या, "शनिवारी? अहो डॉन विल्फ्रेदो, उद्या पाचला पुरताहेत तिला!"

त्यांनी फोन उचलला होता. "मी थांबवते त्यांना, एक दिवस, दोन दिवस. परवानगी मिळते, मी माझ्या भावाच्या वेळी घेतली होती." आणि तू त्यांच्या हातून फोन काढून घेतलास. "नको. लोकांना कळवून झालंय. उगाच कुणाला त्रास नको." रेमेबाई मला म्हणाल्या, "मी आयुष्यात इतका सभ्य माणूस पाहिला नाही. थोबाडीत द्यावीशी वाटली." दुसऱ्या दिवशी गवंडी कोनाड्याच्या तोंडाशी विटा लावत होता आणि तू भिंतीकडे नाही, फाटकाकडे बघत होतास, हेही त्यांनीच सांगितलं.

मला तू बुधवारी सकाळी फोन केलास आणि म्हणालास, "इथला नियमच आहे, पोरी." मी म्हटलं, "चार दिवस थांबता आलं नाही तुला?" शनिवारचं तिकीट मी रद्द केलं आणि त्यानंतर चौदा महिने मी दर रविवारी सहा वाजता तुला फोन करते, अकरा-बारा मिनिटं बोलते आणि हवामान विचारते.

रेमेबाईंनी फरसबीचे हात पुसले आणि त्या वाक्याचा अर्थ सांगितला. "दफनानंतर दहाव्या दिवशी आले तुझे वडील. वही घेऊन. म्हणाले, मला शिकवा, पण आधी हे एक वाक्य." ते वाक्य असं: "थोडं थांबा, माझी मुलगी येते आहे."

मी वही होती तशी खणात ठेवली. आणि मग शुक्रवारी, मी बॅग भरत असताना, तू दारात येऊन म्हणालास की एजंट आला तर सही करून टाकतो, तुझं बरोबर आहे. मी तुझ्याकडे पाहिलं. तू मान हलवत होतास. त्या व्हरांड्यात तू नेमकी कशी मान हलवली असशील, ते मला तेव्हा दिसलं. या वेळी विचारणारी मी होते. अहवालातले सदतीस दोष खरे आहेत, त्यातला एकही मी मागे घेत नाही. नळी या आठवड्यातच बदल. पण एखाद्या माणसाने त्या घरात राहू नये, असं त्यातल्या एकानेही सिद्ध होत नाही. राहायचं की यायचं, ते तू सांग. "नाही" म्हणालास तर मला त्रास होणार नाही, आणि झाला तर मी तो करून घेईन.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते. आई गेल्याचा तुझा फोन त्या मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आला. दहा पंचवीसला मी विमानांचं पान उघडलं. लीड्सहून आलिकान्तेला संध्याकाळी सहा चाळीसचं विमान होतं आणि एकोणीस जागा रिकाम्या होत्या. मी शनिवारचं तिकीट काढलं, कारण गुरुवारी एका पुलाची भारचाचणी होती आणि मला वाटलं, आता कसली घाई. माझ्याशिवाय तो पूल पडणार नव्हता. तुला मी सांगितलं, आधीचं काही मिळत नाही. तू म्हणालास, "हो, हो, जमेल तेव्हा ये." तू कुणाला थांबवलं नाहीस, हे खरं आहे. पण मी निघालेच नव्हते, बाबा, आणि हे माहीत असून चौदा महिने मी तुला एकट्याला ते ओझं वाहू दिलं. मी परवा पुन्हा तिकीट पाहिलं. शुक्रवारचं विमान भरलं आहे, या वेळी खरंच भरलं आहे. शनिवारी दुपारी दोन दहाला उतरते. पिशवीत शिडीच्या चाकाचा नवा ब्रेक आहे, माप घेऊनच आणला आहे. रविवारी तू खाली शिडी धर, मी वर जाऊन अक्षरं घासते, आणि मग तू चढ, मी धरते, आणि एकदा पाठ फिरवून बघ. एजंट मात्र शुक्रवारी येईल, तेव्हा मी नसेन. त्याने पेन पुढे केलं तर मान हलवू नकोस. वहीतलं पहिल्या पानावरचं वाक्य म्हण. उच्चार चुकला तरी चालेल.

तुझीच,
ब्रायनी