लाइट गेल्यावर वाजवलेला भीमपलास

आप्पा,

रविवारी तुमच्या शोकसभेत स्पीकर सुरू झाला आणि माझं डोकं तिथंच फिरलं. हार घातलेल्या तुमच्या फोटोशेजारून व्हायोलिनवरचा भीमपलास ऐकू आला. निषादावरून खाली येताना धैवतावर गज दाबला गेला. ती खोड तुमची न्हाय, आप्पा. माझी आहे. त्यापायी तुम्ही माझ्या मनगटावर पट्टी मारलीय.

म्हणून हे लिहितोय. ‘प्रिय’ लिहायला हात वळेना, माफ करा. नाही केलंत तरी चालेल.

किळस त्याआधीच आली होती. ज्या गवई बुवांनी तीस वर्षं तुम्हाला साथीला घेतलं आणि दर मैफलीत बोटानं खूण करून तुमचा माइक बारीक करायला लावला, तेच पहिल्या रांगेत शालीनं डोळे पुसत होते. बॅनरवर कन्नड वर का मराठी वर, यावरून दोघं हमरीतुमरीवर आलते. तुमचा फोटो तोवर खुर्चीखाली पालथा.

तुम्ही म्हणजे वडगावच्या विणकराचं पोर, मागांच्या खडखडाटात भजनी मंडळाच्या व्हायोलिनवर शिकलं. सायकलच्या कॅरिअरला व्हायोलिनची पेटी बांधून निपाणीपासून खानापूरपर्यंत साथीला गेलं. गवयानं जागा घ्यायची, तुम्ही ती मागून हळूच उचलायची. समेवर आधी तो, मग तुम्ही. चाळीस वर्षं! एकट्यानं वाजवा, असं कुणी म्हणालं नाही. शेवटी एका संस्थेनं तुमच्या एकट्याचं रेकॉर्डिंग मागितलं, तेव्हा डाव्या हाताची बोटं वळायची बंद झालती.

हे मला ठाऊक होतं. माझ्या नावावर वाजव, असं नीट सांगितलं असतंत, तर मी हसत वाजवून दिलं नसतं का?

पण तुम्ही काय केलंत? त्या दुपारी लाइट गेली. गल्लीतले माग थांबले. “गल्ली गप हाय तोवर वाजव,” म्हणालात, आणि शुभाला मोबाइल धरायला लावलात. का, तर मला नंतर माझ्याच चुका ऐकवायच्या होत्या म्हणे. इतकं बरं त्याआधी मी कधी वाजवलं नव्हतं. तुमच्यासाठी नाही हो. मोबाइल तिच्या हातात होता म्हणून. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं तेही निम्मं व्हायोलिनसाठी आणि निम्मं तुमच्या या लेकीसाठी. तुम्हाला ते दिसत होतं. दिसत असूनच बसवलंत का मला?

पुढं संस्थेची माणसं सत्काराला घरी आली. चहा मीच दिला. या वयात काय हात आहे म्हणत होती. मला वाटलं, जुनं काहीतरी ऐकलं असेल. तुम्ही बशीत बघत बसलात.

सभा संपल्यावर संस्थेचे सेक्रेटरी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, पुढच्या महिन्यात आप्पांच्या आठवणीला तूच वाजव, पण आधी हे रेकॉर्डिंग रोज ऐक, तुझा हात अजून कच्चा आहे. मारणारच होतो. शुभानं मागून शर्ट धरला.

आणि खरी शिसारी कशाची आली सांगू? स्पीकर थांबला, लोक ‘वा’ म्हणाले, तेव्हा दाद घेतल्यासारखी माझी मान आपोआप झुकली. मागच्या रांगेत, खांबाआड.

आज तुमच्या घरी येऊन शुभाला विचारलं, तुला माहीत होतं? ती शेंगा सोलत होती.

“व्हय. मीच पाठवलं संस्थेला. आप्पांनी सांगितलं म्हणून.”

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

“सांग जा सगळ्यांना,” म्हणाली. “पर तू अजून चाळीस वर्षं वाजवशील रं. त्यांच्याकडं तेवढं एकच हाय.”

आप्पा, बुवांनी तुमच्याशी जे केलं तेच तुम्ही माझ्याशी केलंत. त्यांनी निदान उजेडात केलं. मैफलीच्या पत्रिकेत खाली, बारीक अक्षरात का असेना, साथीला कोण ते छापायचे तरी.

आता माझा शब्द ऐका. मी कुणाला सांगणार नाही. तुमच्यासाठी नाही, तिनं न मागता मागितलं म्हणून. ते वादन तुमचंच राहील. पण आजवर कुणी गुरू विचारला की कानाच्या पाळीला हात लावून तुमचं नाव घ्यायचो. यापुढं विचारलं तर ‘कुणी नाही’ म्हणेन. आणि कुणाच्या साथीला बसणार नाही. उपाशी राहिलो तरी.

तुमच्या माडीवर बसून हे लिहितोय, खालून शुभानं जेवायला दोनदा हाक मारली. तिच्या समोरूनच जायला लागणार. तिनं नुसतं ‘थांब’ म्हटलं तर मी थांबेन, हे मला माहीत आहे. म्हणून तिसरी हाक यायच्या आत, तिच्याकडं न बघता निघतो. पत्र तुमच्या व्हायोलिनच्या पेटीवर ठेवलंय. माझं व्हायोलिन घेतलंय. दार बाहेरून ओढून घेतो.

सागर